चिकटवलेले श्रोते

साल होते एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मित्रांनो, तुमच्या आई-बाबांपैकी बरेच जण तेव्हा जन्मालाही आले नसतील. त्या वर्षी एका कचेरीतल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. मी एक जुनी प्रतिकृती आहे. प्रतिकृती म्हणजे बांधायच्या इमारतीचे आधी करून पाहिलेले लहान रूप. लोक मला सरळ 'मॉडेल' म्हणत. एका विद्यापीठाला संगीत शाळेसाठी नवी इमारत बांधायची होती, आणि तिच्या मधोमध मैफलींसाठी एक मोठे सभागृह. त्या सभागृहाच्या विसाव्या हिश्शाएवढी मी.

आता मी म्हातारी झाले आहे. माझ्या प्लायवुडचे पापुद्रे सुटले आहेत, छताचे झाकण कुठे गेले कोणाला ठाऊक नाही. वयाचे मला दुःख नाही. पण म्हातारपणी आठवणी येतात ना, तेव्हा ज्या दिवसांची लाज वाटते तेच दिवस सर्वांत लख्ख आठवतात.

माझी रचना करणारी आर्किटेक्ट एक बाई होती. कचेरीत तिला सगळे मॅडम म्हणत आणि घरी ताई. मीही तिला ताईच म्हणते. तेव्हा ती तरुण होती. मोठमोठ्या नावाजलेल्या पुरुषांना मागे टाकून तिने हे काम मिळवले होते. विचारात पडली की ती चपला काढून अनवाणी माझ्याभोवती फिरायची. तिच्या मनाने एकच घेतले होते. सभागृह आतून व्हायोलिनच्या पोटासारखे दिसले पाहिजे. म्हणून माझ्या भिंती वळणदार केल्या, त्यांवर वॉर्निशचे हात चढवले आणि आत पातळ लाकडाच्या, पाठीला बाक दिलेल्या इवल्याशा खुर्च्यांच्या रांगा बसवल्या. खऱ्या सभागृहातही अशाच लाकडी खुर्च्या येणार होत्या.

मी नुसती शोभेची नव्हते बरं का! माझ्यात आवाज ऐकून बघायचा होता. ते काम एका ध्वनितज्ज्ञाकडे होते. कोणतीही भिंत दिसली की तो आधी तिच्यावर टिचकी मारायचा आणि कान लावायचा, म्हणून त्याचे नावच टिचकी पडले होते. कचेरीतल्या मुख्य कारकुनाच्या टकलाकडे तो अशा काही नजरेने बघे, की तो बिचारा उकाड्यातही टोपी घालून बसे.

टिचकीने सांगितले, "मला माणसं हवीत. माणसाच्या अंगावरचे कपडे आवाज पितात. माणसांशिवाय हॉल म्हणजे नुसता डबा."

मग माणसे कोणी करायची? ताईची आई पुढे आली. तिने आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले होते. ती रोज लेकीचा डबा घेऊन यायची आणि डबा हे निमित्त असायचे. तिने जाड लोकरी कापड आणले, कात्री काढली आणि माझे श्रोते कापायला बसली. त्यांना ना डोळे होते ना नाक, पण प्रत्येकाची तिच्यापाशी ओळख होती.

"ही कोण?" ताईने एकीला चिमटीत धरून विचारले.

"तुझी मोठी मावशी. दोन खुर्च्या लागतील हं तिला."

"आई, सगळी एका मापाची काप गं. हे शास्त्राचं काम आहे."

"माणसं कधी एका मापाची असतात का? आणि हे बघ, पहिल्या रांगेत तुझे बाबा. मान खाली आहे ना? झोपलेत."

ताई हसली. मलाही गंमत वाटली. माझ्या रांगा दिवसागणिक भरत गेल्या. मात्र टेबलाला कोणाचा धक्का लागला की ही लोकरीची मंडळी धडाधड आडवी व्हायची. आईला ते बघवेना. तिने कोणाला न विचारता सरसाची बाटली घेतली आणि एकेकाला खुर्चीवर पक्के चिकटवून टाकले. एकही खुर्ची तिने रिकामी सोडली नाही. लेकीच्या पहिल्या मोठ्या हॉलमध्ये रिकामी जागा दिसता कामा नये, असे तिला वाटत होते.

मग परीक्षेचा दिवस आला. माझ्या मंचावर टिचकीने एक बारीकशी ठिणगी उडवली. मी लहान, म्हणून माझ्यासाठी आवाजही इतका बारीक घ्यावा लागतो की माणसाला तो नीट ऐकूच येत नाही. तो यंत्राने टिपायचा आणि सावकाश करून ऐकायचा. टिचकीने ऐकला. पुन्हा ऐकला. मग त्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"मॅडम, भरलेली असताना ही पोरगी सोनं आहे सोनं! आता मला ती रिकामी ऐकायची आहे."

त्याने एका श्रोत्याला उचलायला हात घातला. श्रोता उठेना. दुसऱ्याला धरले, तोही उठेना.

"हे काय? ही माणसं हलत का नाहीत?"

"नाहीच हलायची!" कोपऱ्यातून आई अभिमानाने म्हणाली. "चांगला सरस लावलाय. वादळ आलं तरी कार्यक्रम अर्धवट टाकून जाणार नाहीत."

सगळे खो-खो हसले. टिचकीही हसला, पण त्याने खुर्च्यांचा नवा संच करून मागितला. त्याला वेळ लागणार होता, आणि विद्यापीठाच्या समितीपुढे मला पुढच्याच आठवड्यात उभे राहायचे होते. ताई माझ्याभोवती अनवाणी फिरू लागली.

"रिकाम्या हॉलमध्ये गाणार कोण? भुतं?" ती म्हणाली.

"खुर्च्या लाकडी आहेत म्हणून म्हणतो. गादी असती तर हट्ट धरला नसता. गादी माणसासारखाच आवाज पिते. उघडं लाकूड तो परत फेकतं."

"माझ्या व्हायोलिनमध्ये गाद्या? उशा कोंबल्यासारखं दिसेल ते."

त्या दिवशी ताईची धाकटी बहीणही आली होती. ती त्याच विद्यापीठात गाणे शिकवायची. माझ्या बाल्कनीतून आत डोकावत तिने विचारले, "ताई, आमच्या परीक्षा कुठे होणार गं?"

"याच हॉलमध्ये. मग काय! थाट आहे तुमचा."

"परीक्षेला तीन परीक्षक सोडून कोणी नसतं, ताई."

"हं," ताई म्हणाली. तिचे लक्ष खुर्चीच्या बाकाकडे होते. धाकटीने पुन्हा विचारले नाही, आणि टिचकीनेही रिकामी चाचणी तशीच सोडून आपली ठिणगीची पेटी बंद केली.

मित्रांनो, पुढची दोन वर्षे माझ्या कौतुकाची होती. समितीतली मोठी माणसे वाकून वाकून मला बघत. एक गोष्ट मला तेव्हाही खटके. सगळे मला वरून बघत होते, आणि सभागृहात वरून बघायला कोणी कधी जात नाही. पण कौतुक गोड लागते. इमारत उभी राहिली. उद्घाटनाला सभागृह शिगोशिग भरले. वाद्यवृंद वाजला तेव्हा प्रत्येक सूर शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला म्हणतात. कुलगुरूंनी मला काचेच्या पेटीत घालून प्रवेशदालनात, सभागृहाच्या दारालगत ठेवले आणि खाली पितळी पाटी लावली, 'निर्दोष ध्वनीचा आदर्श नमुना'. ताईची आई त्या पाटीसमोर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आतली माणसं माझी आहेत हो."

मग पहिल्या वार्षिक परीक्षा आल्या.

धाकटीच्या वर्गात एक मुलगी होती. गळा जपायचा म्हणून ती एरवी इतके हळू बोलायची, की मैत्रिणी तिला कुजबूज म्हणत. गाताना मात्र तिचा एकेक शब्द टपोऱ्या मण्यासारखा वेगळा पडे. सरावाच्या खोलीचे दार उघडे राहिले की मी तिला ऐकत असे. दुसऱ्या गावातल्या एका शाळेने संगीत शिक्षिकेची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, निकाल लागेपर्यंत. पास झाली तर ती जागा तिची होती. नापास झाली तर गावी परतून काकांच्या दुकानात बसायचे, हे घरी आधीच ठरलेले होते.

त्या दिवशी तिच्या वर्गातली मुले एकेक करून सभागृहात जात होती. आत तीन परीक्षक आणि बाकी सगळ्या मोकळ्या लाकडी खुर्च्या. कुजबूज आत गेली आणि गाऊ लागली. मी दाराला लागून होते, मला सगळे ऐकू येत होते. पहिला शब्द भिंतीला लागून परत आला, तोवर दुसरा निघालेला. दुसरा तिसऱ्याच्या पायात आला. थोड्याच वेळात आत नुसता गलबला झाला. बिचारी घाबरली आणि आणखी जोरात गाऊ लागली. त्यामुळे गलबला आणखी वाढला.

"थांबा," मुख्य परीक्षकांचा आवाज आला. तोसुद्धा 'थांबा-बा-बा' असा आला. "उच्चार अजिबात स्पष्ट नाहीत. तालावर पकड नाही. तीन वर्षं काय केलंत?"

कुजबूज बाहेर आली. माझ्या पेटीला टेकून उभी राहिली. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती म्हणाली, "बाई, माझा गळाच वाईट आहे का हो? मला कोणी सांगितलं कसं नाही?"

मला काचेत तोंड लपवायलाही जागा नव्हती. खाली पितळी पाटी चमकत होती. तिच्या वर्गातली निम्मी मुले त्या दिवशी नापास ठरली, आणि प्रत्येक जण त्याच पाटीसमोरून मान खाली घालून गेला.

दुसऱ्या दिवशी ताई इमारतीत आली, ती वेगळ्याच कामासाठी. वर्षातल्या उत्तम इमारतीचे मोठे पारितोषिक देणारे पंच त्या आठवड्यात सभागृह बघायला येणार होते. काचा पुसल्या आहेत ना, हे ती बघत होती. धाकटीने तिला माझ्याजवळच गाठले.

"ताई, आत बोललेलं कळत नाही गं. हॉल रिकामा असला की सगळं एकात एक मिसळतं."

"नवी जागा आहे. पोरांना सवय नाही अजून."

"परीक्षकांनाही सवय नाही? ते तर नुसते ऐकत होते."

"उद्घाटनाला तूच रडली होतीस ना आनंदाने?"

"तेव्हा हॉल भरलेला होता! ताई, तू स्वतः ये. मी मंचावरून बोलते, तू मागे बस. एवढंच कर."

दोघी आत गेल्या. धाकटीने काय वाचले मला माहीत नाही. मला फक्त गढूळ आवाज ऐकू आला. ताई बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. ती माझ्याकडे बघायचे टाळत होती.

"निकालावर सह्या कधी होणार?" तिने विचारले.

"उद्या. परीक्षा मंडळ इथेच जमतंय."

"उद्या पंचही येणार आहेत." ताईने कपाळ दाबले. "मी हे बोलले तर माझं नाव गेलंच, टिचकीचंही जाईल. आणि आई... आईला काय सांगू?"

"बरं. नको बोलूस. मग मी जाऊन कुजबूजला सांगते, की बाई गं, तुझाच गळा वाईट. चालेल?"

धाकटी निघून गेली. ताईने चपला काढल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली, आणि त्या हातात घेऊनच बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी प्रवेशदालनात गर्दी होती. कुलगुरू, मुख्य परीक्षक, मंडळाची माणसे. पंचही लवकरच येऊन पोचले होते आणि माझी पाटी वाचत होते. कडेला धाकटीचा वर्ग भिंतीला चिकटून उभा होता. ताई आली, तिच्यासोबत टिचकी. कुलगुरूंनी हसून हात पुढे केला.

"या, या! तुमच्याबद्दलच बोलत होतो."

"निकालावर सह्या करू नका," ताई म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नीट लागत होते. "मुलं नापास झालेली नाहीत. हॉल नापास झालाय."

कुलगुरू हळूच म्हणाले, "मॅडम, हे आपण आत बसून बोलू या का? पाहुणे आहेत."

"पाहुण्यांसमोरच बोलायला हवं. उद्घाटनही पाहुण्यांसमोरच केलं होतं."

"तुम्ही म्हणता याला पुरावा काय?" मुख्य परीक्षकांनी विचारले. "चाचणी झाली होती ना? ही पाटी काय सांगते?"

तेव्हा ताईने शिपायाकडून किल्ली मागितली आणि माझी पेटी उघडली. माझे छत तिने बाजूला ठेवले. मित्रांनो, इतकी वर्षे माणसांनी मला निरखले होते, पण त्या क्षणी मला उघडी पडल्यासारखे वाटले. तिने आत हात घातला आणि मधल्या रांगेतल्या एका लोकरी माणसाला ओढले. तो निघेना. तिने जोर लावला. कापड फाटले, अर्धा माणूस तिच्या हातात आला आणि अर्धा खुर्चीला राहिला. तिने दुसरा ओढला. तोही फाटला.

"बघा. ही माणसं आम्ही चिकटवली होती. म्हणून ही जागा रिकामी कशी वाजते, ते आम्ही कधी ऐकलंच नाही. यांनी सांगितलं होतं," तिने टिचकीकडे बोट दाखवले, "गादीच्या खुर्च्या घ्या म्हणूनही सांगितलं होतं. मला लाकूड सुंदर दिसत होतं. माझ्या बहिणीनं विचारलं होतं, परीक्षा कुठे होणार. मी ऐकून घेतलं नाही. शाळेची इमारत बांधताना मी फक्त उद्घाटनाच्या संध्याकाळचा विचार केला. चूक माझी आहे."

चिकटवणारे हात कोणाचे होते, ते मला माहीत होते. टिचकीलाही होते. दोघांपैकी कोणी ते बोलले नाही.

पंचांनी घड्याळे बघितली. कुलगुरू लाल झाले होते. शेवटी मुख्य परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"नियमाप्रमाणे शेवटची परीक्षा याच हॉलमध्ये व्हावी लागते," ते म्हणाले. "आणि परीक्षेला बाहेरचं कोणी बसू शकत नाही. मग फेरपरीक्षा घेऊन उपयोग काय?"

"माणसं बसवता येत नसतील," टिचकी म्हणाला, "तर ब्लँकेटं बसवा."

आधी कोणाला ते कळेना. मग भिंतीकडेची मुले एकदम धावत सुटली. वसतिगृहातून ब्लँकेटे आली, शाली आल्या, स्वेटर, कोट, एकाने तर खोलीचा पडदाच काढून आणला. दुपारपर्यंत मुले एकेक खुर्ची झाकत होती. वरच्या रांगांपर्यंत ब्लँकेटे पुरेनात, तेव्हा मुख्य परीक्षकांनी आपला कोट काढून मुकाट्याने एका खुर्चीवर घातला.

संध्याकाळी कुजबूज आत गेली. ती गायला लागली आणि मला शब्द ऐकू आले. सगळे नव्हे, पण शब्द होते. एकामागून एक, आपापल्या जागी. मधे एकदा ती चुकलीही, आणि ती चूकसुद्धा स्पष्ट ऐकू आली. ती थांबली नाही.

बाहेर आल्यावर तिने धाकटीला विचारले, "कशी झाली?"

"एका ठिकाणी चुकलीस."

"हो ना? मलाही ऐकू आलं!" असे म्हणून ती हसायला लागली आणि मग रडायला.

कुजबूज पास झाली. पहिली-बिहिली आली नाही, साधारण गुणांनी पास झाली. तिने त्या शाळेत आयुष्यभर मुलांना गाणे शिकवले. बाकीची मुलेही बहुतेक सुटली. दोघे पुन्हा नापास झाले, पण या वेळी ते स्वतःच्या अपुऱ्या तयारीमुळे नापास झाले आणि त्यांनी तक्रार केली नाही.

पारितोषिक दुसऱ्याच इमारतीला गेले. ताईला पुढे कितीतरी वर्षे मोठे काम मिळाले नाही. तिने लहान शाळा बांधल्या, वाचनालये, दवाखाने. काम पुरे झाले की ताबा देण्याआधी ती दिवसभर त्या मोकळ्या खोल्यांत एकटी बसून येते, असे धाकटी सांगायची. सभागृहाच्या खुर्च्यांना पुढच्या वर्षी तपकिरी गाद्या बसल्या. त्या काही फार सुंदर दिसल्या नाहीत. टिचकीला म्हातारपणी एका कानाने ऐकू येईनासे झाले. तो म्हणायचा, "बरं झालं, आता लोकांचं निम्मंच ऐकावं लागतं." धाकटीने त्याच वर्गात शिकवून निवृत्ती घेतली.

ताईची आई एकदा मला बघायला आली होती. पाटी तोवर काढली होती. तिने काचेला डोळे लावले. "कोणी गं उपटली ही माणसं?"

"मी," ताई म्हणाली.

आई फाटक्या रांगेकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतली कात्री चाचपली, हात परत बाहेर काढला आणि म्हणाली, "चल, उशीर होतोय." तिला किती कळले होते, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यानंतर ती आली नाही. काही वर्षांनी ताई एकटी आली, तेव्हा आई या जगात नव्हती.

मित्रांनो, मला जिन्याखाली आणून ठेवले, त्यालाही आता बराच काळ लोटला. परवा काही विद्यार्थी आले होते. चांगली मुले आहेत. मला नवे छत करणार आहेत, भिंतींना पुन्हा वॉर्निश देणार आहेत. त्यांचा हात फिरला की जुन्या दिवसांसारखे बरे वाटते. एक जण म्हणाला, "मधल्या रांगेत नवी माणसं कापून बसवू या, छान दिसेल." तुमच्यापैकी कोणी त्याला ओळखत असेल, तर माझा एवढा निरोप द्या. माझी धूळ झटका, सुटलेले पापुद्रे चिकटवा, मला कोरड्या जागी ठेवा. पण ती रांग फाटकी आहे तशीच राहू द्या. ती बघताना मला लाज वाटते, आणि मला ती वाटत राहायला हवी आहे.